अमृतराव घाट आणि एक रुपया

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, आणि वेळ उरलाच तर नावेत बसून घाट पाहावयास निघतो. नाव दक्षिणेकडे वळली की नावाडी एकेका घाटाचे नाव घेऊ लागतो : अहिल्याबाई घाट, दरभंगा घाट, चौसट्टी घाट, पांडे घाट. मग नारद घाट येण्यापूर्वी तो एका भक्कम दगडी घाटाकडे हात करून सांगतो, "हा राजा घाट." वाचकहो, हा राजा कोण, असे त्या नावाड्यास विचारून पाहा. पुष्कळदा त्याला ते सांगता येणार नाही. हा राजा आपल्या पुण्याचा होता. एके काळी पेशवाईचा सारा कारभार ज्यांच्या हाती आला होता, त्या अमृतराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा घाट पक्क्या दगडात बांधून काढला. जुन्या लिखाणात त्याचे नाव अमृतराव घाट असेच आढळते.

घाट पाहून झाला म्हणजे यात्रेकरू पुढे जातो. आपण मात्र येथे थोडे थांबू या. अमृतरावांची कहाणी नीट कळण्यास दगडी पायऱ्यांइतकेच दुसरे एक साधन आहे, आणि ते तळहातावर मावण्याजोगे आहे. त्या काळी काशीच्या टाकसाळीत पडणारा चांदीचा रुपया हेच ते साधन होय. जुनी नाणी जमविण्याचा छंद कित्येकांना पोरखेळ वाटतो, तर कित्येकांना तो श्रीमंतांचा शौक वाटतो. हा एक रुपया नीट वाचता आला, तर या छंदाविषयीचे आपले मत कदाचित बदलेल.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. भुस्कुटे घराण्यातून ते पेशव्यांच्या घरात आले. पुढे दादांना औरस पुत्र झाला, तो दुसरा बाजीराव. १७९६ मध्ये पेशवेपदाची वस्त्रे बाजीरावास मिळाली, आणि वयाने वडील असूनही अमृतरावांच्या वाट्यास कारभाऱ्याची भूमिका आली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरनजीक शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळून वसईस गेला, आणि वर्षअखेरीस त्याने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य विकले. इकडे होळकरांनी अमृतरावांना पुण्यात आणून राज्याचा कारभार त्यांच्या हाती सोपविला. ही सत्ता अवघी काही महिने टिकली. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात येऊन दाखल झाला, मे महिन्यात बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आधाराने परतला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी करार केला. सालीना सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर त्यांनी दक्षिणेचा निरोप घेतला. चित्रकूटाजवळील कर्वी येथे त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले. काशीशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला, आणि १८२४ मध्ये बनारस येथेच ते निवर्तले. राजा घाटाखेरीज उत्तरेकडे भोसले घाटापलीकडच्या गणेश घाटावरील अमृत विनायकाचे देऊळही त्यांचीच आठवण सांगते.

ज्या वर्षी अमृतराव वारले, त्याच वर्षी कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर हा उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासात काशीस आला होता. त्याच्या रोजनिशीत अमृतरावांच्या दानधर्माचा उल्लेख आहे. आपल्या आराध्य गणपतीच्या दिवशी, दारी येईल त्या ब्राह्मणास आणि गोरगरिबास ते तांदूळ व एक रुपया देत असत, असे त्याने नमूद केले आहे. राज्य गेलेला एक मराठा सरदार परमुलखात, गंगेच्या काठी, हजारो अनोळखी हातांवर एकेक रुपया ठेवीत होता. तो रुपया कसा होता?

त्या सुमारास बनारसच्या टाकसाळीतून बाहेर पडणारा रुपया मालकीने ईस्ट इंडिया कंपनीचा होता. परंतु त्यावर कंपनीचे नाव नव्हते, इंग्लंडच्या राजाचे चित्र नव्हते, की इंग्रजीचे एक अक्षरही नव्हते. दोन्ही बाजूंवर फारसी मजकूर होता. सातही खंडांत ज्याचे नाणे चालते आणि जो धर्माचा रक्षक आहे, अशा शहा आलम बादशहाची त्यात ग्वाही होती. वस्तुस्थिती अशी की, हा शहा आलम १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या हातून आंधळा झाला होता. त्याला पुन्हा तख्तावर बसविले महादजी शिंद्यांनी. १८०३ मध्ये तो दिल्लीसह इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८०६ मध्ये मरण पावला. हेबर काशीस आला तेव्हा बादशहाला जाऊन अठरा वर्षे लोटली होती, तरी त्याच्या नावाने नाणे पडतच होते.

याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट या रुपयावरील सनाची. १८१९ नंतर बनारसच्या टाकसाळीत फर्रुखाबादी धर्तीचा रुपया पाडण्यात येऊ लागला. त्यावर शहा आलमच्या कारकिर्दीचे ४५ वे वर्ष कोरलेले असे आणि ते दरसाल तेच राही. शहा आलमने १७५९ च्या डिसेंबरात बादशाही पद धारण केले. हिजरी चांद्रवर्षांनी मोजल्यास त्याच्या कारकिर्दीचे ४५ वे वर्ष स्थूलमानाने १८०२ च्या सप्टेंबरापासून १८०३ च्या ऑगस्टपर्यंत येते. वाचकांनी वर दिलेल्या तारखा पुन्हा एकवार पाहाव्यात. हडपसरची लढाई, वसईचा तह, पुण्याची ती औट घटकेची सत्ता आणि अमृतरावांचा इंग्रजांशी झालेला करार, या साऱ्या घटना त्या एकाच वर्षात सामावल्या आहेत. कंपनीने तो आकडा अमृतरावांसाठी निवडला नव्हता, हे उघड आहे. गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलखासाठी ठरविलेला तो सन होता. तरीही अमृतरावांच्या अखेरच्या वर्षांत काशीच्या पेठेत जो नवा रुपया खुळखुळत होता, त्यावर त्यांच्या भाग्याच्या ऱ्हासाचेच वर्ष गोठून राहिले होते. फारसी अंक वाचता येणाऱ्यास ते दिसत होते. तो रुपया हातात घेणाऱ्या भिक्षुकास मात्र त्याचा पत्ता नव्हता.

सन गोठवून ठेवण्याची ही चाल कशासाठी पडली असावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर सराफकट्ट्यावर सापडते. मोगली पद्धतीत रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. चालू सालचा रुपया पूर्ण किमतीचा मानला जाई. वर्ष उलटले की सराफ त्यावर बट्टा कापी, आणि आणखी जुना झाला की बट्टा वाढे. नाण्याची झीज हे त्याचे कारण सांगितले जाई. त्यात सराफाचा लाभ होता, तसाच टाकसाळीचाही होता, कारण बट्टा चुकविण्यासाठी लोक जुनी नाणी पुन्हा पाडून घेण्यास येत. शेतसारा भरणाऱ्या कुणब्यास मात्र त्याची झळ बसे. सर्व नाण्यांवर एकच सन घातला, म्हणजे जुने कोणते व नवे कोणते हे ओळखण्याची सोय राहत नाही आणि बट्ट्याचे निमित्तच नाहीसे होते. कंपनीने बंगालच्या शिक्का रुपयावर १९ वा सन कायम केला, बनारसच्या रुपयावर १७ वा, आणि फर्रुखाबादी रुपयावर ४५ वा. बनारसच्या जुन्या रुपयावर १७ च्या जोडीला चालू वर्षाचाही आकडा असतो, त्यामुळे त्यावर १७ व ४९ असे दोन सन शेजारी शेजारी आढळतात. हा सतरावा सन म्हणजे स्थूलमानाने १७७५-७६, आणि बनारसचा मुलूख अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीकडे आला तो १७७५ मध्येच. येथेही आकड्याच्या आड इतिहास दडलेला आहे.

बनारसची ही टाकसाळ कंपनीने काढलेली नव्हे. महंमदशहाच्या कारकिर्दीत, १७३० नंतरच्या दशकात, ती सुरू झाली होती, आणि नाण्यांवर शहराचे नाव 'महंमदाबाद बनारस' असे पडत असे. १७८१ मध्ये राजा चेतसिंगाने उठाव केला, तो मोडला, आणि त्यानंतर टाकसाळ कंपनीच्या प्रत्यक्ष ताब्यात गेली. येथील नाण्यांवरची चिन्हे पाहिली म्हणजे गंमत वाटते. रुपयावर मासा आहे, तो अयोध्येच्या नबाबांच्या निशाणीतला. तांब्याच्या पैशावर त्रिशूळ आहे, तो काशी विश्वनाथाचा, आणि म्हणून त्याला 'त्रिशुळी पैसा' म्हणत. मजकूर मोगल बादशहाचा, चिन्ह शिवाचे आणि नफा कंपनीचा, असा हा तिरपगडी कारभार एका पैशाच्या तुकड्यावर नांदत होता.

नवख्या संग्राहकास चकविणारी एक बाब येथे सांगितली पाहिजे. ज्या नाण्यावर 'महंमदाबाद बनारस' असे आहे, ते बनारसचेच असेल असे नाही. बनारस हातचे गेल्यावर अयोध्येचे नबाब लखनौच्या टाकसाळीत तेच नाव घालून रुपये पाडीत राहिले. त्यावर २६ वा सन गोठविलेला असे आणि ठळक मासा असे, म्हणून त्या रुपयास 'मछलीदार' म्हणत. १८१९ मध्ये गाजीउद्दीन हैदर स्वतःस बादशहा म्हणवू लागला आणि स्वतःच्या नावाने नाणे पाडू लागला, तेव्हा हा प्रकार संपला. तेव्हा नाव बनारसचे आणि टाकसाळ लखनौची, हा भेद सन पाहून ओळखावयाचा असतो.

या टाकसाळीच्या अखेरच्या दशकात तेथे एक तरुण कसनीस होता. धातूचा कस पाहून नाणे बरोबर आहे की नाही हे ठरविणे, हे त्याचे काम. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. १८२० मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी तो बनारसला आला आणि १८३० मध्ये टाकसाळ बंद होईपर्यंत तेथे राहिला. त्याने शहराचा नकाशा तयार केला, लोकसंख्या मोजविली, सांडपाण्यासाठी भुयारी मार्ग काढला, आणि घाटांची सुंदर चित्रे काढून पुढे ती छापून प्रसिद्ध केली. कलकत्त्यास गेल्यावर जुन्या नाण्यांवरील आणि शिलालेखांवरील अक्षरे जुळवीत जुळवीत १८३७ च्या सुमारास त्याने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, आणि अशोकाचे शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा वाचता येऊ लागले. या कामात नाण्यांच्या अभ्यासाचा वाटा मोठा होता. नदेसर भागातील 'मिंट हाउस' हे नाव त्या टाकसाळीची खूण म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे.

आता आपण क्षणभर काशीहून लंडनला जाऊ या, कारण त्याच काळात तेथेही नाण्याच्या नावाचा असाच पेच पडला होता. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे १७९७ च्या फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. चांदीच्या नाण्यांचा तर दुष्काळच होता. बँकेच्या तिजोरीत स्पॅनिश डॉलर पडून होते. त्यांवरील स्पेनच्या राजाच्या मानेवर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा चिमुकला मुखवटा ठोकून ते चार शिलिंग नऊ पेन्स किमतीने बाजारात सोडण्यात आले. एका नाण्यावर दोन राजे पाहून लोकांनी टिंगल केली, आणि लबाडांनी खोटे ठसे मारून नफा केला. १८०४ मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने आपल्या सोहो येथील वाफेच्या यंत्रांवर असेच डॉलर संपूर्ण नव्या ठशाने पुन्हा छापून दिले. त्यावर पाच शिलिंग ही किंमत आणि बँकेचे नाव होते. नव्या छापाखाली जुन्या स्पॅनिश अक्षरांचा अंश कोठे कोठे दिसतो. असे नाणे मिळाले की जाणत्या संग्राहकास विशेष आनंद होतो. पुढे १८११ ते १८१६ या काळात तीन शिलिंग आणि दीड शिलिंग किमतीचे तुकडे निघाले. त्यांवर स्पष्ट लिहिले होते : 'बँक टोकन'. नाणे पाडण्याचा हक्क राजाचा होता, म्हणून बँकेने आपल्या चांदीस नाणे न म्हणता टोकन म्हटले. १८१६ च्या कायद्याने नवी राजमान्य चांदीची नाणी आली आणि ही टोकने मागे घेण्यात आली.

काशीचा रुपया आणि लंडनचे टोकन शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक व्यापारी कंपनी, दुसरी एक बँक. राजपद दोघींकडेही नव्हते, आणि चांदी दोघींनाही चालवावयाची होती. स्वदेशात बँकेला प्रामाणिकपणे टोकन म्हणावे लागले, कारण तेथे पार्लमेंट होते, वृत्तपत्रे होती, विचारणारे लोक होते. येथे कंपनीने मृत बादशहाचे नाव पुढे केले आणि पूर्ण किमतीचा रुपया म्हणून तो चालविला, कारण जनता ओळखीच्या छापावरच विश्वास ठेवीत होती. पुण्यातही तिने हेच केले. पेशवाई बुडाल्यावरदेखील अंकुशाच्या चिन्हाचा पुणेरी 'अंकुशी' रुपया इंग्रजांच्या अमलाखाली कित्येक वर्षे पडतच राहिला. राज्य बदलल्याची जाणीव नाण्याने होऊ नये, असाच हा बेत होता. ज्याचे नाणे त्याचे राज्य, असे आपण सहज बोलतो. या काळातील नाणी सांगतात की ती गोष्ट इतकी सरळ नव्हती.

मुखवटा उतरला तो १८३५ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. एका बाजूस चौथ्या विल्यमचे मुख आणि दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव. शहा आलम खऱ्या अर्थाने तेव्हा नाण्यावरून उतरला. सन गोठविण्याची सवय मात्र गेली नाही. व्हिक्टोरिया राणीचे १८४० सालचे रुपये पुढे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच सालाने पडत राहिले, आणि १८६२ सालचे रुपये १८७४ पर्यंत. म्हणूनच १८६२ चा 'राणी छाप' घराघरांत सापडतो.

हा विषय येथे आपल्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात, आजीच्या पेटीत किंवा लक्ष्मीपूजनाच्या डब्यात राणी छाप, राजा छाप रुपये असतात. कोठे शिवराई असते, कोठे मुंबई इलाख्याचा १७९१ किंवा १७९४ सालचा तांब्याचा पैसा असतो. त्याच्या एका बाजूस तराजू व न्याय या अर्थाचा 'अदल' हा शब्द असतो. तोही बोल्टनच्या सोहो येथील टाकसाळीत पडून जहाजाने आला होता. ज्या यंत्रशाळेत बँक ऑफ इंग्लंडचे डॉलर छापले गेले, तेथलाच पैसा कोकणातल्या एखाद्या घरी निघतो. असे नाणे निघाले की सराफाकडे नेऊन चांदीच्या भावाने मोडण्याचा मोह होतो. मोडण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करावा, अशी वाचकांना विनंती आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नाणे घासू नये. चिंच, राख किंवा दंतमंजन लावून ते चकचकीत केले, तर वरचा नैसर्गिक थर जातो, बारीक अक्षरे झिजतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते. पूजेसाठी धुवावयाचे असल्यास साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवल्याने त्यावर हिरवट चिकट लेप चढतो. त्याऐवजी जाड कागदाची लहान पाकिटे बरी.

दुसरी गोष्ट खऱ्याखोट्याची. १८३५ नंतरच्या रुपयाचे वजन बारीक काट्यावर करून पाहावे. ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठावर सूक्ष्म छिद्रे दिसतात आणि कडेवर सांध्याची रेघ दिसते. तीर्थक्षेत्री 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे छापलेले आणि हनुमान किंवा रामदरबाराचे चित्र असलेले तांब्याचे तुकडे मोठ्या किमतीला विकले जातात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. देवदेवतांची चित्रे असलेल्या टाकांची परंपरा खरी आहे, पण ती पूजेच्या वस्तूंची, चलनाची नव्हे. असे नाणे तांदूळ ओढून घेते, त्यात दैवी शक्ती असते, असे सांगून लाखोंनी फसविणारे ठकसेन आजही पकडले जातात. त्यांच्या नादी लागून कित्येक संसार धुळीस मिळाले आहेत. जुन्या नाण्यात इतिहासाखेरीज कोणतीही शक्ती नसते.

तिसरी गोष्ट कायद्याची. जमीन खणताना किंवा घर पाडताना पुरलेले धन मिळाले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात आणि ती परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. परदेशस्थ आप्तांना भेट म्हणून आजोबांचा रुपया देण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. नाणे कोठून आले हे लिहून ठेवावे. नाण्यावर राजाचे नाव असते, पण ते आपल्या घरात कसे आले हे त्यावर लिहिलेले नसते. ते पणजोबांच्या पगारातले, आजीच्या स्त्रीधनातले, की काशीयात्रेहून आणलेले, हे ज्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे त्यांच्याबरोबर ती माहिती नाहीशी होते. मग उरतो तो नुसता धातू.

ही माहिती हरवली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमृतरावांच्याच घराण्यात आहे. त्यांचे पुत्र विनायकराव १८५३ मध्ये वारले. त्यानंतर नारायणराव व माधवराव हे वारस कर्वीस राहत असताना १८५७ चा उठाव झाला. १८५८ च्या जूनमध्ये जनरल व्हिटलॉकच्या सैन्याने कर्वी घेतली आणि वाड्यातील जडजवाहीर व रोकड लूट म्हणून ताब्यात घेतली. ती कोणत्या पलटणींनी कशी वाटून घ्यावी यावर लंडनच्या न्यायालयात मोठा खटला चालला आणि १८६६ मध्ये त्याचा निकाल लागला. कोणत्या सेनापतीचा हिस्सा किती यावर तेथे बारीक युक्तिवाद झाला. पण त्या रोकडीत कोणकोणत्या टाकसाळींचे रुपये होते, दक्षिणेतून किती आले होते आणि काशीचे किती, हे जाणण्यात तेथे कोणास रस नव्हता. पेशव्यांच्या एका शाखेचा आर्थिक इतिहास त्या थैल्यांत होता. तो वजनावर वाटला गेला.

ज्यांना हा विषय अधिक जाणावयाचा आहे त्यांच्यासाठी काशीतच उत्तम सोय आहे. हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवनात नाण्यांचा संग्रह आहे, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुद्रा परिषदेचे कार्यालयही त्याच विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. भारतीय नाण्यांवर विपुल लिहिणारे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी भारत कला भवनात काम केले आणि पुढे मुंबईच्या संग्रहालयातील नाणी सांभाळली. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय ही महाराष्ट्रातील वाचकांस जवळची ठिकाणे. मुलांना सुटीत तेथे अवश्य न्यावे. पाठ्यपुस्तकातील तह आणि लढाया त्यांना काचेआड पाहावयास मिळतील.

संग्रह मोठा असावा असे नाही. घरात जुना रुपया असेल तर तो या दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी बाहेर निघेलच. पूजा झाली की तो मुलांच्या हाती द्यावा, त्यावरील साल व नाव त्यांना वाचावयास सांगावे, आणि घरातील सर्वांत वडील माणसास त्याची हकीकत विचारावी. ती हकीकत एका चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून, रुपयाबरोबर त्याच पाकिटात ठेवावी. पुढच्या पिढीतील कोणी ते पाकीट उघडील तेव्हा त्याला चांदीबरोबर तुमचे चार शब्दही मिळतील.